शिंपीण पुढे येत नाही

४ तारीख, सोमवार

दादा,

मोठ्या भावाला पत्रात सुरुवातीला काय लिहितात ते ज्या वर्गात शिकवतात तिथवर मी पोचलेच नाही, म्हणून नुसतं दादा. आई बरी, पप्पा बरे, मी बरी. झालं.

पत्ता मामाने दिला. "माझं नाव सांगू नकोस" म्हणून दिला, तेव्हा आता तू त्याचं नाव विसर. फोन केला असता, पण तू नंबर बदललास. आणि नसता बदललास तरी मला कुठे फोनवर बोलता येतं? तू "बोल की" म्हणणार, मी "हं" म्हणणार, तू "अगं, बोल की" म्हणणार, आणि मी ठेवून देणार. पत्रात निदान तू मधे बोलत नाहीस.

हा तिसरा कागद आहे. पाय सारखा हलतोय टेबलाखाली. शेजारून टकल्या आत्ताच म्हणाला, "ए, भूकंप थांबव, माझा चहा सांडतोय." टकल्या म्हणजे आमचा प्रोग्रॅमर. केस भरपूर आहेत त्याला, कधीतरी एकदा गोटा केला होता, तेव्हापासून नाव चिकटलं.

मुद्दा असा की शनिवारी आमची अब्रू गेली.

थांब, असं नाही कळणार. तू हे ऑफिस एकदाच पाहिलंस, त्या नोकरीच्या परीक्षेच्या दिवशी. दोन खुर्च्यांची खोली आठवते ना, जिथे आपल्याला एकमेकांसमोर खेळवलं? त्यातल्या एका खुर्चीवर मी वर्षभर बसतेय. दुसरीवर लोक बॅगा ठेवतात.

गेमचं नाव 'गल्ली'. एका गल्लीतले कामकरी लोक एकमेकांना हाणतात. शिंपीण आहे, ती मापायची टेप चाबकासारखी फेकते. लोहार आहे, त्याचा हातोडा. सायकलवाला, न्हावी, आणखी चार जण. मी त्यांना एकमेकांशी खेळवायचं आणि लिहून द्यायचं की अमका 'जास्त' झालाय, तमकी 'कमी' पडतेय. जास्त म्हणजे त्याला घेतलं की कुणीही जिंकेल. कमी म्हणजे तिला कुणी घेणारच नाही. मग टकल्या आकडे बदलतो. हातोडा उगारायला किती वेळ लागतो, मारून झाल्यावर लोहार किती वेळ उघडा पडतो, टेप कुठवर जाते. एका सेकंदाचे साठ तुकडे करतात, दादा, आणि एकेका तुकड्यावरून इथे भांडणं होतात. म्हणजे ते भांडतात. मी मान हलवते.

वर्षभर असं घासूनपुसून आठही जण सारखे झाले. कुणीही घ्या, निम्म्या वेळा जिंकणार, निम्म्या वेळा हरणार. मॅडमनी तो तक्ता भिंतीवर लावला. मॅडम म्हणजे मालकीण. तक्त्यातल्या आठही पट्ट्या एका उंचीच्या, कुंपणासारख्या. मी येता-जाता बघायचे.

शनिवारी पहिल्यांदा बाहेरची माणसं खेळायला बोलावली. कॉलेजची पोरं, एक बँकेतला, दोन मैत्रिणी. सुरुवातीला धुमाकूळ. मग हळूहळू सगळे गप्प होत गेले. मला वाटलं रंगलेत. जाऊन बघते तर प्रत्येक पडद्यावर दोघंही लांब उभे! लोहार उभा, शिंपीण उभी. जो आधी हलेल तो मार खाईल, हे सगळ्यांना कळलं होतं, म्हणून कुणी हलतच नव्हतं. घड्याळ संपायचं आणि ज्याला एक टप्पल कमी बसलीय तो जिंकायचा. बँकवाला म्हणाला, "हा गेम आहे का बसस्टॉप?"

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मॅडम हसल्या की समजायचं, काही खरं नाही.

महिनाअखेरीला तीच माणसं परत येणार आहेत. तेव्हाही बसस्टॉपच असला तर 'गल्ली' बंद. गल्ली बंद म्हणजे माझी खुर्चीपण गेली. आणि मी दुसरीकडे कुठे जाणार? मुलाखतीत बोलावं लागतं.

शनिवारपासून मला तुझं वाक्य ऐकू येतंय. जिन्यातलं. "नुसतं बसून राहायचं आणि समोरचा चुकला की टोचायचं. याला खेळणं म्हणतात का?"

पोस्टाची पेटी उघडायला माणूस आलाय, खिडकीतून दिसतोय. पळते.

घुमी


६ तारीख, बुधवार

दादा,

कालचा दिवस मी मीटिंगमध्ये तोंड उघडं ठेवून घालवला.

मॅडमनी विचारलं, "असं का झालं? कुणाला काही सुचतंय?" मला माहीत होतं. शनिवारीच कळलं होतं. त्या दोन मैत्रिणींपैकी एक शिंपीण घेऊन मागे सरकून बसली होती, अंगठा फक्त अडवायच्या बटणावर, आणि मला वाटलं आरशात बघतेय. गेमला माझी सवय लागलीय, दादा. वर्षभर त्याला मी एकटीनेच खेळवलं. ज्याने मला मारलं त्याच्यापुढे मी 'जास्त' लिहिलं. टकल्याने ते कमी केलं. लोहाराचा हातोडा आधी काय होता माहितीये? एकदा बसला की निम्मा जीव जायचा. आता तो मारतो का दार वाजवतो तेच कळत नाही. सगळे सारखे झाले, बरोबर आहे. सगळे माझ्यासारखे झाले.

हे मला सांगायचं होतं. मी तोंड उघडलं. टकल्याला वाटलं ठसका लागला, त्याने पाण्याची बाटली पुढे केली. मग काय, मी पाणी प्यायले.

संध्याकाळी मॅडमच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. 'गेमला माझं वळण लागलंय. न थांबणारा माणूस पाहिजे. माझा भाऊ तसा आहे.' त्यांनी माझ्यासमोरच वाचली.

"भाऊ म्हणजे तोच ना, परीक्षेत हरल्यावर खुर्ची पाडून गेला तो?"

मी मान हलवली.

"मग बरोबर माणूस सुचवलास. पाठव त्याला गेम."

म्हणून सोबत पेन ड्राइव्ह आहे. मॅडमच्या परवानगीने, चोरून नाही. तुझ्या जुन्या लॅपटॉपवर चालेल. नेटवरून तू तिथून आणि मी इथून, समोरासमोर खेळता येतं. टकल्या जे बदलेल तेही नेटवरून आपोआप येतं. मी दुपारी जेवणानंतर असते. खेळ संपला की एक चौकोन येतो, त्यात खेळणाऱ्याने शेरा लिहायचा असतो. काय वाटेल ते लिही. ऑफिसमधले सगळे वाचतात, म्हणजे शिव्या जरा बेतानेच.

एक गोष्ट. लोहाराच्या हातोड्याचा आवाज ओळखीचा वाटेल. तो पप्पांचा आहे. आमचा आवाजवाला आपल्या कुलपांच्या दुकानात येऊन रेकॉर्ड करून गेला. पप्पा एका गंजलेल्या कुलपावर ठोकत होते. त्यांनी विचारलं, "कशासाठी पाहिजे?" तो म्हणाला, "मारामारीसाठी." पप्पा म्हणाले, "मग थांबा, जरा मनापासून मारतो."

मी माफीबिफी मागत नाहीये. तूही मागू नकोस. नुसता खेळ.

घुमी


१२ तारीख, मंगळवार

दादा!

आलास!

नावाच्या जागी तू नुसतं एक टिंब टाकलंस. टकल्या म्हणाला, "हे टिंब कोण?" मी पहिल्या दहा सेकंदांत ओळखलं. मार खाल्ला की लगेच उडी मारणारा आणि उडीत परत मार खाणारा माणूस जगात एकच आहे. पप्पा तुला म्हणायचेच, तुझी दोन्ही पावलं एकदम जमिनीवर कधी दिसत नाहीत.

तुझे शेरे इथे भलतेच गाजतायत. 'लोहार आजारी आहे का?' हा टकल्याने छापून तक्त्याच्या शेजारी लावलाय. 'शिंपीण = भिंत.' 'भिंतीला टेप फुटलीय.' 'झोप आली.' झोप आली लिहून तू मधेच निघून गेलास, मला तेव्हा वाईट वाटलं. म्हणजे हरत होतास म्हणून नाही. तू निघून गेल्यावर पडद्यावर लोहार तसाच उभा राहतो, खांदे वरखाली करत, आणि त्याला मारावं लागतं. नाही मारलं तर घड्याळ संपेपर्यंत खेळ संपत नाही. मी मारलं नाही. घड्याळ संपू दिलं.

मग मी 'हातोडा कमी' असं लिहून दिलं. वर्षात पहिल्यांदा लोहारापुढे 'कमी' लिहिलं. टकल्याने त्याचा मार जुन्याइतका केला, उगारायचा वेळही कमी केला. आणि काल तू मला कुटलंस. त्याच एका फटक्याने, परत परत, परत परत. मला वाटलं आता तरी खूश होशील. आणि लिहिलंस काय, तर 'आता आपली आजीपण जिंकेल. कंटाळा.'

तुझं समाधान कशाने होतं रे? हरलास तरी तोंड वाकडं, जिंकलास तरी वाकडं!

टकल्या म्हणतो हा धंदाच असा आहे. एकाचं पांघरूण ओढलं की दुसऱ्याचे पाय उघडे पडतात. लोहाराचा हातोडा जड केला तर न्हाव्याला कुणी घेत नाही. न्हाव्याचा हात चपळ केला तर सायकलवाला रडतो.

आईला काही सांगितलं नाहीये. पण काल जेवताना ती म्हणाली, "आज ऑफिसात काय झालं गं? घास तोंडात आणि हसतेयस एकटीच."

"काही नाही," म्हटलं.

"काही नाहीला एवढं हसू?"

घुमी

ता. क. उडी मारू नकोस ना सारखी. तेवढं शिक.


१८ तारीख, सोमवार

दादा,

शुक्रवारी शिंपिणीची टेप कापली.

मॅडमनी ठरवलं. त्यांचं म्हणणं, सगळं बसून राहणं तिच्यामुळे चालतं, ती लांबून मारते म्हणून कुणी जवळ येत नाही, तर टेपच निम्मी करा. टकल्याने करून टाकली. आता तिला मारायचं तर अंगावर जावं लागतं. ती इकडून तिकडे धावते, बिचारी, जत्रेत आई हरवल्यासारखी. सगळे म्हणाले, "बघा, हलायला लागली!" आणि हलत होती खरंच. मला बघवत नव्हतं. मी नख खाल्लं.

तू दुपारी आलास. मी शिंपीण, तू लोहार. तू दोन फटके मारलेस आणि थांबलास. तू थांबलास, दादा! मी आयुष्यात तुला थांबलेला पाहिलं नव्हतं. लोहार नुसता उभा, खांदे वरखाली. मला वाटलं नेट गेलं. मग चौकोनात आलं, 'ही ती नाही. टेप परत द्या.'

आज मीटिंगमध्ये मॅडमनी तुझा शेरा वाचला आणि म्हणाल्या, "हा टिंब स्वतः लोहार खेळतो. शिंपीण दुबळी झाली तर याचाच फायदा. मग याचं काय दुखतंय?"

"तेच की," मी म्हणाले.

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. हिशेबाच्या काकूंनी चष्मा वर केला. टकल्याचा हात पाण्याच्या बाटलीकडे निघाला होता, तो मधेच थांबला.

"तेच की म्हणजे काय?" मॅडम.

"टेप परत द्या," मी म्हणाले. माझे कान एवढे तापले होते की वर पापड भाजले असते. "ती लांबूनच मारते. तीच ती आहे. तेवढं काढलं तर राहिलं काय?"

"मग लोकांना हलवायचं कसं, ते सांग."

ते मला माहीत नव्हतं. अजून नाही. टेप परत दिलीय, महिनाअखेर जवळ येतेय, आणि शिंपीण परत भिंतीसारखी उभी आहे. रात्री कूस बदलून बदलून चादर दोरीसारखी होते. तुला काही सुचतंय का? तू उत्तर लिहीत नाहीस, पण शेऱ्यात तरी लिही.

घुमी


२१ तारीख, गुरुवार

दादा,

सुचलं. तुझ्यामुळेच सुचलं, पण तुला आवडेल का माहीत नाही.

आज सकाळी ऑफिसचा जिना चढत होते. तोच जिना. परीक्षेच्या दिवशी निकाल लागल्यावर तू तिथे मला बोललास ना, आठव. मी खालच्या पायरीवर, तू वरच्या. तू एक वाक्य बोललास, मी एक पायरी मागे. दुसरं बोललास, आणखी एक पायरी. "मी तुला इथे आणलं." एक पायरी. "मी तुला बटणं शिकवली." एक पायरी. "नुसतं बसून राहायचं." एक पायरी. मग माझी पाठ भिंतीला लागली, तिथे त्या पत्रपेट्या आहेत, एक पेटी पाठीत टोचली. मागे जायला जागाच नव्हती. आणि तेव्हा माझ्या तोंडातून गेलं, "मग तू कशाला हरलास?"

तू गेलास त्यावर. घरी न येता, थेट. आई अजून विचारते की जिन्यात काय झालं. मी 'माहीत नाही' म्हणते. त्या वाक्याबद्दल मला वाईट वाटतं का, खूप विचार केला. तू गेलास त्याचं वाटतं. वाक्याचं नाही वाटत. त्या वर्षात मी स्वतःहून बोललेलं तेवढं एकच होतं.

तर आज त्या पत्रपेट्यांपाशी उभी राहिले आणि एकदम कळलं. आपल्या गेममध्ये अडवायची काही किंमतच पडत नाही. दिवसभर अडवत बसा, तुम्ही आहात तिथेच. म्हणून कुणी हलत नाही. पण खरं तर अडवणारा मागे सरकतो ना?

वर पळत गेले. टकल्या डबा उघडत होता, त्याला म्हटलं, "टेप पूर्ण ठेव. हातोडा जड ठेव, पण उगारायला पूर्वीसारखा वेळ लागू दे. फक्त एवढं कर. अडवलेला प्रत्येक फटका अडवणाऱ्याला एक पाऊल मागे ढकलेल. आणि पाठ भिंतीला लागली की मग अडवणं फुटेल."

"तू एका दमात एवढं बोललीस?" तो म्हणाला. मग डबा बंद करून कामाला लागला. भाजी गार झाली त्याची.

आता शिंपिणीला भिंतीपासून वाचायचं असेल तर एकच उपाय, मधूनमधून पुढे यायचं. आणि लोहाराने वेड्यासारखा हातोडा फिरवला तर ती पूर्वीसारखीच टोचते. तिचं ती, त्याचं तो.

दुपारी तुझ्याशी खेळले. तू ढकलत आलास. मी मागे, मागे, मागे. सवय कुठे जाते? पाठ लागली आणि फुटले. काचेचा आवाज लावलाय टकल्याने. परत खेळले, परत फुटले. तू शेरा लिहिलास, 'बरं आहे.' तुझ्याकडून 'बरं आहे' म्हणजे बाकीच्यांच्या टाळ्या.

पण एक सांगते. आता मी सगळ्यांशी हरतेय. सायकलवाल्याशी, न्हाव्याशी. संध्याकाळी हिशेबाच्या काकूंनी मला हरवलं, चष्मा पुसत पुसत. त्या म्हणाल्या, "अगं, हे मजेशीर आहे की!" टकल्या म्हणाला, "स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेणारे पाहिलेत. हातोडा मारून घेणारी पहिलीच."

या ऑफिसात मी एकच गोष्ट सगळ्यांपेक्षा चांगली करत होते आणि ती मीच बंद पाडली. बसवत नाहीये. तीनदा उठून खिडकीपाशी जाऊन आले. पुढे कसं यायचं असतं रे? म्हणजे बटण माहितीये. ते दाबवत नाही.

घुमी


३० तारीख, शनिवार

दादा,

दोन माणसं भांडली! खरोखरची! बँकवाला आणि एक कॉलेजचा पोरगा. बँकवाल्याला भिंतीला लावून फोडलं, तर तो ओरडला, "हे चिटिंग आहे!" पोरगा म्हणाला, "मग पुढे ये ना, काका!" काका म्हटल्याचा त्याला एवढा राग आला की खुर्ची आडवी झाली. मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी दोघांना स्वतः चहा नेऊन दिला. त्या दोन मैत्रिणी घड्याळ संपलं तरी उठेनात, शेवटी दिवा घालवावा लागला.

त्यातली ती शिंपीणवाली, माझ्यासारखी बसणारी, सुरुवातीला सारखी हरत होती. मी तिच्या मागे उभी. माझंच अंग आखडलं होतं. मग एकदा, पाठ भिंतीला लागायच्या जरा आधी, ती लोहाराच्या अंगावर चालून गेली. टेप न फेकता, नुसती पुढे. समोरचा दचकला आणि हातोडा हवेतच गेला. मग तिने मारलं. वळून मला म्हणाली, "पाहिलंत?" मी म्हटलं, "हो."

'गल्ली' चालू राहणार. तक्ता मॅडमनी काढून टाकला. आता पट्ट्या वरखाली आहेत, दात पडलेल्या पोराच्या हसण्यासारख्या, आणि मॅडम म्हणतात असू दे.

आता ऐक. नीट बसून ऐक.

सगळे गेल्यावर मॅडम त्या खोलीत आल्या. दुसऱ्या खुर्चीवरच्या बॅगा उचलल्या आणि जमिनीवर ठेवल्या. म्हणाल्या, "तेव्हाच दोघांना घ्यायला पाहिजे होतं. मी म्हटलं, जिंकणारी घेतली की झालं. एकाच पायाने चालवला गेम वर्षभर, लंगडणारच ना. तुझ्या टिंबाला विचार, येतो का. येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत सांग, नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

ही खुर्ची तुझी आहे. माझी देत नाहीये. माझी मी ठेवलीय. तिच्या शेजारची.

तिथे गोदामात खोकी उचलतोस ना, मामाने सांगितलं. ते काम वाईट आहे असं म्हणत नाही मी. पण सायकलवाला कमी पडतोय आणि मला ते कळतच नाही, कारण मला सायकलवाल्यासारखं खेळता येत नाही.

लगेच लिही. हो किंवा नाही. टिंब नको.

घुमी


४ तारीख, गुरुवार

दादा,

सोमवारी तू खेळायला आला नाहीस. मला वाटलं कामावर असशील. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. आजपण नाही. तुझं टिंब यादीत राखाडी झालंय.

पत्र मिळालं नसेल का? मिळालं असेल आणि फाडलं असेल का? का अर्धं वाचून ठेवलंस, तुझी सवय आहे, पुस्तकंपण अर्धीच ठेवायचास उलटी करून. मी पोस्टमनला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "ताई, मी लिहीत नाही ना पत्रं, मी फक्त आणतो."

भीक म्हणून देतेय असं वाटतंय का तुला? तसं वाटत असेल तर सरळ तसा शेरा लिही, मी उत्तर देईन.

घरी सांगितलं शेवटी. सगळं. खेळतोस ते, शेरे, खुर्ची. जिन्यातलंपण. आई उठली आणि उगाच फडताळ पुसायला लागली, पाठ आमच्याकडे करून. पप्पा बराच वेळ एका चावीला कानस घासत बसले. मग विचारलं, "त्याच्याकडे हातोडा नीट ऐकू येतो का?"

"माहीत नाही," म्हटलं.

"मग विचार ना. तुम्ही पोरं महत्त्वाचं तेवढं विचारत नाही."

तर विचारते. ऐकू येतो का?

मॅडमनी आज काही विचारलं नाही, पण खुर्चीकडे बघून गेल्या. तिच्यावर कुणीतरी परत बॅग ठेवली होती. मी काढली. दुपारी परत होती. परत काढली.

वाट बघणं मला जमतं, तुला माहितीये. माझ्याइतकं कुणाला जमत नाही. पण या वेळी फाटक वाजलं की मी दाराशी असते. आई म्हणते जेव. जेवले नाही.

घुमी


६ तारीख, शनिवार, तुझ्या जिन्यात

दादा,

हे पत्र पोस्टाने येणार नाहीये.

सकाळी बसने निघाले. कंडक्टरला गावाचं नाव तीनदा सांगावं लागलं. पहिल्या दोन वेळा त्याला ऐकू गेलं नाही, तिसऱ्या वेळी अख्ख्या बसला गेलं. उतरल्यावर पत्ता चार जणांना विचारला. चार! त्यातला एक तर फोनवर बोलत होता, त्याला हात करून थांबवलं. आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसायचा नाही.

तुझ्या घरमालकीणबाई खाली पायऱ्या धूत होत्या. म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर. तू त्याची कोण?"

"बहीण."

"बरं झालं आलीस. त्याला सांग जरा, कामावरून आला की ते ठोकाठोकीचं काय चालवलंय. आठवडा झाला, डोकं उठलंय माझं."

मला कळलं नाही तेव्हा. आता कळलंय. तुझ्या दारासमोर शेवटच्या पायरीवर बसून गुडघ्यावर कागद ठेवून लिहितेय, म्हणून अक्षर असं आलंय. आतून आवाज येतोय. ठण. ठण. ठण. पप्पांचा हातोडा. अगदी स्पष्ट, आपल्या दुकानात बसल्यासारखा. मधेच काच फुटते, मग थोडा वेळ शांत, मग परत ठण.

नेट बंद करून एकटाच खेळतोयस ना? आणि शिंपीण कोण खेळतंय, कॉम्प्युटर? तो तिला नीट खेळत नाही, मी टकल्याला कधीची सांगतेय.

आत्ता काच फुटली नाही. टेपेचा सपकन आवाज आला आणि तू शिवी दिलीस. ऐकली मी. उडी मारलीस ना परत?

पत्रात अजून बरंच लिहायचं होतं. सोमवारपर्यंत मुदत आहे, आईने तुझा निळा स्वेटर दिलाय, मामाचं नाव फुटलंय. ते सगळं तोंडाने सांगेन. जमेल तसं सांगेन. तू मधे "बोल की" म्हणू नकोस फक्त.

ही चिठ्ठी आता दाराखालून सरकवतेय. तू ती उचलशील, वाचशील, मग विचार करशील दार उघडायचं का नाही. एरवी मी इथे पायरीवर बसून राहिले असते तू ठरवेपर्यंत.

उठले. बेल वाजवतेय.

घुमी